गोणपाटावरील विद्यार्थी : भीमराव रामजी आंबेडकर

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चित्र आपल्या प्रत्येक विहारात, वसतिगृहात आणि शाळेत असते. अंगात निळा कोट, डोळ्यांवर चष्मा, हाती संविधानाचा ग्रंथ आणि उंचावलेले बोट. या चित्रापुढे उभे राहून वंदना म्हणणारा अकरा वर्षांचा विद्यार्थी मनोमन नमतो. परंतु त्या महामानवात आणि आपल्यात काही साम्य असू शकेल, असे त्याला सहसा वाटत नाही. तो नुकताच घर सोडून आलेला असतो. ताटातली भाजी आईच्या हातची नसते, शेजारच्या खाटेवरचा मुलगा अनोळखी असतो, वर्गात उभे राहून उत्तर द्यावे तर शब्द घशात अडकतात. अशा मुलाला विश्वरत्नाची कीर्ती सांगण्यापूर्वी नव्या शाळेत अंग चोरून बसलेल्या एका मुलाची हकीकत सांगावी, असे आम्हांस वाटते. तो मुलगा म्हणजे सातारच्या आणि मुंबईच्या शाळांतील भीमराव. स्मरणिकेच्या या पानांत बाबासाहेबांच्या समग्र कार्याचा आढावा घेण्याचा आमचा हेतू नाही. सन १९०० ते १९०८ हा त्यांच्या शालेय जीवनाचा काळ आणि त्याचे पुढील आयुष्यावर उमटलेले ठसे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सुभेदारांचे घर

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. त्यांचे वडील रामजी मालोजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापकही होते. घराण्याचे मूळ गाव कोकणातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. घर कबीरपंथी. पहाटे भजन, संध्याकाळी प्रार्थना आणि मुलांच्या अभ्यासावर सुभेदारांची करडी नजर, असा त्या घराचा शिरस्ता होता.

अस्पृश्य समाजातील एका माणसाच्या हाती त्या काळी खडू कसा आला, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडणारा पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर लष्करात आहे. इंग्रजांच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण दिले जाई. गावकुसाबाहेर ज्यांना अक्षर दिसत नव्हते, त्यांना छावणीत ते दिसले. पुढे १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली आणि प्रगतीची ही वाट अडली. भिवा वाढत होता तो नेमका याच काळात. छावणीतील शिस्त आणि वाचनाची गोडी घेऊन सुभेदारांचे कुटुंब नागरी वस्तीत आले, तेव्हा तेथे त्यांच्या हुद्द्याला किंमत नव्हती; होती ती केवळ जातीला.

निवृत्तीनंतर रामजी काही काळ दापोलीस राहिले आणि मग साताऱ्यास आले. तेथेच १८९६ मध्ये माता भीमाबाईंचे निधन झाले. भिवा तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता. पाठीला बाक आलेल्या मीराआत्याने त्या पोरक्या लेकरांना सांभाळले. आईवाचून वाढणारे मूल जसे हट्टी, हळवे आणि भांडखोर होते, तसा भिवाही झाला. त्याच्या चरित्रकारांनी हे लपविलेले नाही, आणि आम्हीही लपवू नये.

सातारा : ७ नोव्हेंबर १९००

सातारच्या गव्हर्न्मेंट हायस्कूलच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, प्रवेशपुस्तकात १९१४ या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर असे नाव आहे. इयत्ता इंग्रजी पहिली. तारीख ७ नोव्हेंबर १९००. एका मुलाचे नाव शाळेत दाखल होणे ही वरवर पाहता किती साधी नोंद! आज हाच दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

नाव पुस्तकात चढले, परंतु वर्गात जागा मिळाली नाही. बाकीची मुले गुणांच्या क्रमाने बसत. भिवाला हा नियम लागू नव्हता. त्याने कितीही गुण मिळविले तरी त्याची जागा ठरलेली, वर्गाच्या कोपऱ्यात, एकट्याची. बसायला घरून आणलेले गोणपाट. शाळेची झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे. म्हणून शाळा सुटल्यावर ते गुंडाळायचे, काखेत मारून घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. इतर मुलांच्या दप्तरात पाटी-पुस्तके असत. भिवाला स्वतःच्या बहिष्काराचे ओझेही रोज वाहून आणावे लागे.

पाण्याची गोष्ट याहून कठीण होती. तहान लागली की इतर मुले नळावर जात, तोटी फिरवीत, पाणी पीत. भिवाला तोटीस स्पर्श करण्यास बंदी होती. मास्तरांची परवानगी पुरेशी नव्हती. शिपायाने येऊन नळ सोडला पाहिजे. शिपाई जागेवर नसला तर पाणी नाही. घरी तरी काय वेगळे होते? साताऱ्यात न्हावी मिळत. पण या मुलांच्या डोक्याला हात लावणारा न्हावी मिळत नसे. थोरली बहीण ओट्यावर बसवून भावांचे केस कापी.

लहान मुलाला जे रोज दिसते ते त्याला जगाची रीतच वाटते. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणी लिहिताना स्पष्ट केले आहे की कोपऱ्यातली जागा, नळ आणि न्हावी हे सारे त्यांना आधीपासून ठाऊक होते. परंतु अस्पृश्यतेचा अर्थ मनावर कायमचा कोरला गेला तो १९०१ च्या उन्हाळ्यातील एका प्रवासात.

त्या वेळी रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुटीत मुलांना त्यांनी तेथे बोलाविले. भिवा, थोरला भाऊ आणि दिवंगत बहिणीची दोन मुले नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे असा थाट करून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कोणीच आले नव्हते. कपडे पाहून स्टेशनमास्तर आस्थेने विचारपूस करू लागला. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले बैलगाडी द्यायला तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण बाजूने पायी चालावे या अटीवर. सोबत डबा भरलेला होता, परंतु वाटेत कोणी पिण्याजोगे पाणी देईना. आणि पाण्यावाचून घास उतरत नाही. ती चार मुले भरल्या डब्याशेजारी रात्रभर उपाशी राहिली. चांगले कपडे घातले, स्वच्छ बोलले, पैसे मोजले, म्हणजे लोक आपल्याला आपल्यात घेतात, ही कोणत्याही नवख्या मुलाची भाबडी समजूत असते. नऊ-दहा वर्षांच्या भिवाची ती समजूत मसूरच्या वाटेवर संपली.

अर्ध्या आण्याची शिकवण

अशा शाळेत मन रमणार तरी कसे? भिवाचे अभ्यासातून लक्ष उडाले. मध्येच बागकामाचा नाद लागला, हाती येईल तो पैसा रोपांवर खर्च होऊ लागला. पुढे तोही नाद सुटला आणि शेळ्या राखण्यात वेळ जाऊ लागला. घरात सावत्र आई आली. आपल्या आईचे दागिने तिच्या अंगावर पाहून मुलगा आतून जळू लागला. बापाच्या अन्नावर जगायचे नाही, असे त्याच्या मनाने घेतले. साताऱ्याची काही मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागत. आपणही तेच करावे, असा बेत ठरला. अडचण एकच होती. गाडीभाड्याला पैसे नव्हते.

आत्या आपला बटवा कमरेला खोचून झोपत असे आणि भिवा तिच्याच शेजारी निजत असे. तो बटवा चोरण्याचे त्याने ठरविले. तीन रात्री प्रयत्न फसला. चौथ्या रात्री बटवा हाती आला. उघडून पाहतो तर आत केवळ अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई कशी गाठणार? त्या क्षणी मुलाला स्वतःची लाज वाटली आणि बेत फिरला. आता शाळेतून पळायचे नाही. इतका अभ्यास करायचा की लवकर शिकून स्वतःच्या पायावर उभे राहता येईल. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतःच पुढे सांगून ठेवली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोहोचली.

आमच्या भाषणांतून हा प्रसंग बहुधा गाळला जातो. महापुरुषाच्या हातून चोरीचा प्रयत्न झाला, हे सांगताना वक्त्याची जीभ अडखळते. आम्हांस मात्र तो प्रसंग विद्यार्थ्यांपुढे आवर्जून ठेवावासा वाटतो. दरवर्षी जून-जुलैमध्ये वसतिगृहातून पळून जाण्याचा बेत करणारी मुले असतात. त्यांना दटावण्यापेक्षा हे सांगणे अधिक उपयोगी आहे की ज्यांच्या जयंतीला आपण निळा झेंडा लावतो, त्यांनीही एकदा शाळा सोडून गिरणीची वाट धरण्याचे ठरविले होते. आत्याच्या बटव्यात चार रुपये असते तर इतिहास काय झाला असता, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने एकदा करून पाहावा.

साताऱ्यातील या काळोखात दोन पणत्या होत्या, त्यांचीही नोंद इतिहासाने घेतली पाहिजे. एक आंबेडकर आडनावाचे शिक्षक. मधल्या सुटीत भिवा जेवायला घरापर्यंत धावत जाई. ती पायपीट वाचावी म्हणून ते आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी त्याला देत. दुसरे पेंडसे गुरुजी. एकदा भिवा हट्टाने छत्री न घेता भर पावसात भिजत शाळेत आला, तेव्हा त्यांनी आपल्या मुलाबरोबर त्याला स्वतःच्या घरी धाडले, गरम पाण्याने आंघोळ घालविली आणि कोरडे वस्त्र दिले. दोघेही ब्राह्मण होते. या दोघांनी शाळेचे नियम बदलले नाहीत. गोणपाट कोपऱ्यातच राहिले. परंतु पन्नास वर्षांनंतरही बाबासाहेब त्या भाकरीची चव विसरले नव्हते. एका मुलाला शाळेत टिकविण्यास एवढा ओलावाही पुरतो.

एल्फिन्स्टनचा फळा

सन १९०४ च्या सुमारास रामजींनी मुलांच्या शिक्षणासाठी मुंबई गाठली. परळच्या डबक चाळीत एका खोलीत बिऱ्हाड थाटले. खोली एक, आणि स्वयंपाक, सरपण, भांडीकुंडी, माणसे सारे त्यातच. सर्वांना एकाच वेळी आडवे होण्यापुरतीही जागा नव्हती. म्हणून रामजींनी युक्ती काढली. भीमराव लवकर झोपे आणि सुभेदार पहाटे दोनपर्यंत जागे राहत. दोनला ते मुलाला उठवीत आणि त्याच्या जागेवर स्वतः अंग टाकीत. उशाशी जाते, पायाशी शेळी आणि काच नसलेला धुरकट दिवा, अशा त्या अभ्यासिकेत भीमरावाचे खरे शिक्षण झाले. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला सुभेदारांनी मुलाकडून घरीच पक्की करून घेतली होती. शाळेपलीकडचे पुस्तक हवे असले की रामजी विवाहित मुलींच्या दारी जात, त्यांच्याकडून उसने घेत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि पुस्तक आणून देत. पेन्शन हाती आली की दागिना सोडवायचा. बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाविषयी आपण नेहमी बोलतो. त्या प्रेमाची पहिली किंमत त्यांच्या बहिणींनी मोजली, हेही आपल्या मुलींना कळले पाहिजे.

प्रथम मराठा हायस्कूल आणि मग एल्फिन्स्टन हायस्कूल, असा मुंबईतील शाळाप्रवेश झाला. एल्फिन्स्टन ही सरकारची नामांकित शाळा. मुंबई हे आगगाडीचे, गिरण्यांचे, गर्दीचे शहर. तेथे कोण कोणाला विचारतो, असे साताऱ्याहून येणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला वाटले असल्यास नवल नाही. परंतु शहर मोठे झाले म्हणून मन मोठे होत नाही.

एके दिवशी वर्गात गुरुजींनी भीमरावाला फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविले. तो जागेवरून उठताच वर्गात एकच गलका उडाला. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. हा मुलगा फळ्याजवळ गेला तर अन्न बाटेल, या धास्तीने मुले धावली, डबे ओढून बाजूला काढले, आणि मगच भीमरावाला फळ्यापर्यंत जाता आले. पौगंडावस्थेतील मुलाच्या मनाचा येथे विचार करावा. या वयात साधे नाव चुकीचे उच्चारले तरी मुलगा दिवसभर खिन्न होतो. येथे सारा वर्ग त्याच्याकडे पाहत होता आणि त्या पाहण्यात तो एक अपवित्र वस्तू होता. भीमराव परत फिरला नाही. हातात खडू घेऊन त्याने उदाहरण सोडविले. गोंगाटाला त्याने दुसरे काहीच उत्तर दिले नाही.

एका शिक्षकाने मात्र त्याला डिवचले. महाराच्या पोराला शिकून काय करायचे आहे, अशा अर्थाचे ते बोलणे होते. तेव्हा भीमरावाचा संयम सुटला आणि आपल्या कामाशी काम ठेवण्यास त्याने शिक्षकांना खडसावले. नम्रता हा गुण आहे, हे आम्ही वर्गात शिकवितोच. परंतु अपमान गिळणे म्हणजे नम्रता नव्हे, हेही त्याच वर्गात शिकविले पाहिजे.

सर्वांत खोल जखम झाली ती भाषेची. भीमरावाला संस्कृत शिकायचे होते. संस्कृत म्हणजे वेदांची भाषा. ती अस्पृश्याच्या कानी पडू द्यायची नाही, असा शास्त्रीबुवांचा आग्रह. सरकारी शाळा, सरकारी फी, सरकारी अभ्यासक्रम, आणि तरीही एका विषयाचे दार बंद. नाइलाजाने दोघा भावांना पर्शियन घ्यावी लागली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भीमराव रुसून बसला नाही. जी भाषा मिळाली तीच निष्ठेने शिकला. आणि जी नाकारली गेली, तिचाही नाद सोडला नाही. पुढे स्वतःच्या परिश्रमाने आणि पंडितांच्या साहाय्याने त्यांनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला. शूद्र आणि अस्पृश्य यांच्या उत्पत्तीचा शोध घेणारे त्यांचे ग्रंथ त्याच अभ्यासावर उभे आहेत.

चर्नी रोडची बाग

शाळेत मित्र नाहीत, घरात जागा नाही. मग हा मुलगा जाई कोठे? चर्नी रोडच्या बागेत. शाळा सुटली की तेथे एखाद्या कोपऱ्यात तो पुस्तक उघडून बसे. त्याच बागेत येणारे एक गृहस्थ होते, विल्सन हायस्कूलमधील शिक्षक आणि मराठीतील नामवंत चरित्रकार कृष्णाजी अर्जुन केळुस्कर. रोज तोच मुलगा, रोज पुस्तकात बुडालेला. केळुस्कर गुरुजींनी चौकशी केली. जात कळल्यावर मसूरच्या स्टेशनमास्तराचा चेहरा पालटला होता. केळुस्कर गुरुजींचा पालटला नाही. ते त्या मुलाला वाचायला पुस्तके देऊ लागले.

पुढे समाजबांधवांनी भीमरावाच्या कौतुकाची सभा भरविली. चरित्रग्रंथांत ही सभा मॅट्रिकनंतरची म्हणून सांगितली जाते. बाबासाहेबांनी स्वतः ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात ती इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरची असल्याचे नमूद केले आहे, आणि त्यांच्या स्वहस्ताच्या लेखनाला आम्ही अधिक वजन देतो. इतर समाजांत चौथी इयत्ता ही काही सभा भरविण्याची गोष्ट नव्हती. परंतु ज्या समाजातून तेथवर पोहोचलेला हा पहिलाच मुलगा, त्या समाजाला ती शिखरासारखी वाटली. सुभेदारांनी आधी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात वारा शिरेल, अशी त्यांना भीती. लोक केळुस्करांकडे गेले, त्यांनी मध्यस्थी केली आणि सभा झाली. सभेच्या शेवटी केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र मुलाला भेट दिले.

ते पुस्तक वाचून भीमराव हेलावून गेला. त्याने वडिलांना सरळ प्रश्न विचारला : आपण आम्हांला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धाचे साहित्य आमच्या हाती का दिले नाही? वडिलांनी महाभारतातील द्रोण-कर्णांची उदाहरणे देऊन, लहान कुळातील माणसेही कशी मोठी झाली हे सांगून, मुलाच्या मनातील न्यूनगंड घालविण्याचा आपला हेतू समजावून दिला. हेतू चांगला होता. मुलाचे समाधान मात्र झाले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे घडले, त्याच्या मुळाशी अनेक कारणे आहेत, आणि वीस वर्षांहून अधिक काळाचे चिंतन आहे. परंतु त्या वाटेवरील पहिले पाऊल एका शिक्षकाने एका शाळकरी मुलाच्या हाती ठेवलेल्या पुस्तकावर उमटले आहे.

सातशे पन्नासपैकी दोनशे ब्याऐंशी

१९०७ च्या मॅट्रिक परीक्षेत भीमराव उत्तीर्ण झाला. एकूण गुण ७५०, मिळालेले २८२. शेकडेवारी काढली तर अडतिसाच्या आत. आजच्या गुणवत्ता यादीच्या युगात अशा गुणपत्रिकेकडे कोणी वळूनही पाहणार नाही. जन्मजात अलौकिक बुद्धिमत्तेचा दाखला म्हणून ती पुढे करता येत नाही. परंतु तिच्या शेजारी डबक चाळीची खोली ठेवा, धुरकट दिवा ठेवा, फळ्यामागचे डबे ठेवा, नाकारलेले संस्कृत ठेवा. मग या २८२ गुणांचे मोल कळते. ज्या मुलाला पाण्याचा नळ उघडता येत नव्हता, त्याने विद्यापीठाचे दार उघडले होते.

शालेय काळातच भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर, त्याचा रमाईंशी विवाह झाला होता. १९०८ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात प्रवेश मिळाला. केळुस्कर गुरुजींच्या शब्दामुळे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. प्रा. मुल्लर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. तरी कॉलेजच्या आवारातील हॉटेलवाला त्यांना चहा किंवा पाणी देत नसे. पदवी मिळाली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी डोळे मिटले. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे ते इतरांबरोबर एका टेबलावर जेवले, एका ग्रंथालयात वाचत बसले आणि कोणी डबा बाजूला ओढला नाही. शाळा अशीही असू शकते, याचा पुरावा त्यांना वयाच्या बावीसाव्या वर्षी मिळाला.

कोपऱ्यातून उभारलेल्या संस्था

यानंतरचा इतिहास सर्वांस विदित आहे. आम्ही केवळ दोन धागे दाखवू इच्छितो.

पहिला धागा पाण्याचा. शिपाई नाही म्हणून तहानलेला राहिलेला मुलगा २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो बांधवांसह चवदार तळ्यावर गेला आणि ओंजळीने पाणी प्याला. पुढे त्याच हातांनी घडविलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली.

दुसरा धागा जागेचा. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ मध्ये सोलापुरात सुरू केलेले विद्यार्थी वसतिगृह. मोर्चा, परिषद, वर्तमानपत्र यांच्या बरोबरीने वसतिगृह का? कारण बाबासाहेबांना ठाऊक होते की शाळेत नाव घातल्याने मूल शाळेचे होत नाही. त्याला निजायला जागा, पोटाला अन्न आणि अभ्यासाला दिवा हवा. जाते आणि शेळी यांच्यामध्ये बसून जो शिकला, त्याने इतरांच्या मुलांसाठी आधी खोल्या मागितल्या. १९२८ मध्ये दलित वर्ग शिक्षण संस्था निघाली, धारवाडसारख्या ठिकाणी वसतिगृहे चालली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले आणि १९५० मध्ये औरंगाबादेत पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय. सिद्धार्थ, मिलिंद, नागसेनवन ही नावे पाहावीत. मिलिंद राजाने प्रश्न विचारावेत आणि भिक्खू नागसेनांनी उत्तरे द्यावीत, ही बौद्ध परंपरा त्यांनी शिक्षणसंस्थेच्या नावातच गोवली. ज्याला प्रश्न विचारल्याबद्दल हिणविले गेले, त्याने प्रश्न विचारण्यालाच आपल्या विद्येचे घर केले.

आमच्यापुढील प्रश्न

आपली निवासी शाळा ही त्याच परंपरेतील एक लहानशी वेल आहे. येथे कोणी गोणपाट आणीत नाही, नळाला शिपाई लागत नाही. म्हणून आपले काम झाले काय? आज आमच्या वर्गांत बौद्ध मुलांच्या जोडीला मातंग, पारधी, वडार, आदिवासी मुले बसतात. एखाद्याची बोली वेगळी असते, त्याच्या उच्चाराला वर्ग हसतो. एखादा जेवणाच्या पंगतीत नेहमी टोकाला बसतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. कोपरा केवळ सवर्णांच्या शाळेत असतो, असे मानून चालणार नाही. जेथे एक मूल एकटे पडते, तेथे कोपरा तयार होतो. बाबासाहेबांच्या चित्राखाली तो तयार होणे, याहून त्यांची मोठी विटंबना नाही. म्हणून पंगतीतली ती रिकामी जागा कोणाच्या शेजारी आहे, हे पाहणे हे आमच्या शाळेतील प्रत्येक शिक्षकाचे वंदनेइतकेच नित्याचे कर्तव्य असले पाहिजे.

शिक्षकबांधवांनो, या हकीकतीत पाच शिक्षक आले. एकाने भाकरी दिली, एकाने कोरडे वस्त्र दिले, एकाने हिणविले, एकाने भाषा नाकारली आणि एकाने पुस्तक दिले. हे पाचही जण वर्गात शिकवीतच होते; पगार घेतच होते. इतिहासाने त्यांना वेगवेगळ्या ओळींत बसविले, ते एका मुलाशी ते कसे वागले एवढ्यावरून. आपल्यापुढे आज बसलेला कोणता मुलगा उद्या आपल्याला कोणत्या ओळीत बसवील, हे आपणांस आज कळणार नाही.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही पुढे मोठ्या शहरांतील महाविद्यालयांत जाल. तेथे आडनाव विचारले जाईल, भाषेवर हसू येईल, कोणी मुद्दाम तुमच्या आरक्षणाचा विषय काढील. तेव्हा काही जण आडनाव लपवितात, काही गळ्यातील पदक सदऱ्याच्या आत सारतात, काही गावाकडच्या मित्राला ओळख देत नाहीत. त्यांना आम्ही दोष देत नाही. एकटेपणाचा भार मोठा असतो. परंतु भीमरावाने काय केले ते आठवा. तो एल्फिन्स्टनच्या वर्गात सामावला नाही, आणि सामावण्यासाठी त्याने स्वतःला कापून लहानही केले नाही. फळ्यापर्यंत जाऊन त्याने उदाहरण सोडविले, बागेत जाऊन पुस्तक वाचले, पहाटे दोनला उठून दिवा लावला. वर्गाने त्याला जागा दिली नाही. त्याने अशा शाळा काढल्या जेथे तुम्हांला जागा आहे.

येत्या ७ नोव्हेंबरला आपल्या शाळेच्या प्रवेशपुस्तकातील आपले नाव प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, अशी आमची सूचना आहे. क्रमांक, नाव, इयत्ता, तारीख. १९१४ क्रमांकाच्या त्या नोंदीतही याहून अधिक काही नव्हते.

जयभीम! नमो बुद्धाय!